दुसऱ्या भागातले बूट

निडी स्टेशन सोडलं की गाडीच्या दोन्ही अंगांना वाल दिसायला लागतात. भात कापून झाल्यावर जमिनीत जी ओल उरते, तेवढ्या ओलीवर हे पीक उभं राहतं. त्याला कुणी पाणी देत नाही, कुणी फारसं विचारतही नाही. सकाळी पानांवर दव असतं, मधूनच पांढऱ्या फुलांचे तुरे, आणि शेंगा भरायला लागल्या की हवेत एक हिरवट, किंचित कडू वास पसरतो. मी पेणहून रोह्याला रोज या गाडीने कामाला जाते. या दिवसांत खिडकीची जागा मिळाली की पूर्वी मला उगाच बरं वाटायचं. यंदा मी खिडकीकडे पाठ करून बसते. वास तरीही येतो.

शाळेत आम्हाला ‘माझा आवडता ऋतू’ हा निबंध इंग्रजीतून लिहायला लागायचा. मी दर वर्षी पानगळ लिहायचे. लाल-पिवळी पानं, धुकं, गरम कॉफी. असली पानगळ मी कधी पाहिली नव्हती, पण तिला शब्द तयार होते. वालाच्या मोसमाला इंग्रजीत काय म्हणायचं हे बाईंनाही ठाऊक नव्हतं. माझ्या बाकावरची दीना धीट. तिने एका वर्षी पानभर पोपटीवर लिहिलं. नवं मडकं, त्यात भांबुर्डीचा पाला, त्यावर वालाच्या शेंगा, अंडी, बटाटे, ओवा, जाडं मीठ, वरून पुन्हा पाला. मडकं शेतात उपडं घालायचं आणि भोवती पेंढा, काटक्या पेटवायच्या. बाईंनी खाली लाल शाईने लिहिलं, कल्पनाशक्ती चांगली आहे, पण ऋतू कुठे?

दीना सॅमसनकाकांची मुलगी. काका आमचे शेजारी. गागोद्याच्या अलीकडच्या आमच्या गावात त्यांचं हे एकच ज्यू घर उरलं होतं. त्यांच्या आज्याचा तेलाचा घाणा होता आणि तो शनिवारी बंद असायचा, म्हणून जुनी माणसं त्यांच्या घराला अजून शनवारतेल्याचं घर म्हणायची. बाकीची घरं एकेक करून इस्रायलला गेली. काका रोह्याच्या कंपनीत शिफ्टला जात राहिले. दाऊदभाई म्हणून पेणचे एक गृहस्थ त्यांच्या जोडीला होते. शुक्रवारी दुपारी दाऊदभाई नमाजाला जायचे तेव्हा काका त्यांचं मशीन बघायचे आणि शनिवारी काकांच्या जागी दाऊदभाई उभे राहायचे. “साहेबाला वाटायचं दोघं मिळून येकच मानूस कामाला ठेवलाय,” असं सांगून काका स्वतःच हसायचे.

आमच्या आळीच्या पोपटीत कोंबडी नसायची. दुसऱ्या आळ्यांतली माणसं चिडवायची, “तुमची पोपटी म्हंजे उपासाची!” कारण साधं होतं. काकांना त्यांच्या धर्माच्या रीतीने कापलेलीच कोंबडी चालायची, आणि तशी कापणारा माणूस आता आमच्याकडे कुणी उरला नव्हता. एकाच मडक्यात कोंबडी शिजली की तिची चरबी वालांत उतरणार, अंड्यांना लागणार, मग काकांनी खायचं काय? म्हणून माझ्या आजीच्या काळात कधीतरी कोंबडी घालणं थांबलं. ते कुणी ठरवलं नाही, बोलून दाखवलं तर नाहीच. मला स्वतःला हे आईला खोदून खोदून विचारल्यावर कळलं. “सॅमसनभावजींना चालत नाय, मग आपलं काय अडलंय?” एवढंच ती म्हणाली आणि शेंगा निवडत राहिली.

काकांच्याकडे एकच काम असायचं. आग बसली की हातातल्या लोट्यातलं पाणी मडक्यावर शिंपडायचं. चर्र झालं, पाणी टेकायच्या आत उडालं, की पोपटी झाली. काका शिंपडायचे, कान तिरका करायचे आणि म्हणायचे, “अजून लाजतेय.” मग पुन्हा थोड्या वेळाने. मी मुलखाची लाजरी, त्यामुळे हे वाक्य ते माझ्याकडे बघूनच म्हणायचे.

अशाच एका वालाच्या मोसमात दीना आणि मी तो सिनेमा पाहिला. आम्ही नववीत होतो. पेणच्या थेटरात हिंदीत आला होता आणि काका आम्हाला घेऊन गेले होते. दोन चंद्र असलेला ग्रह, खाऱ्या किनाऱ्यावर राहणारी साधी माणसं, आणि त्यांच्या जमिनीखालचं काहीतरी उपसायला आकाशातून उतरणारं लोखंडी आरमार. एक मुलगी सोडून तिचं सगळं घर मारलं जातं. तिला शेजारच्या टोळीतली एक म्हातारी धान्याच्या उंच, विणलेल्या पिंपात लपवते. काका भर थेटरात ओरडले, “अरे, ही तर आमच्या आजीची कणगी!” लोक हसले. पुढच्याच क्षणी हसणं थांबलं. कारण कॅमेरा त्या कणगीच्या आत गेला. पडद्यावर सगळा काळोख आणि मध्ये विणीची एक उभी फट. त्या फटीतून दिसत होते फक्त बूट. काळे, जड, टाचेला लोखंडी पट्टी असलेले. ते चालत आले, थांबले, वळले. दीनाने माझं मनगट इतकं घट्ट धरलं होतं की दुसऱ्या दिवशीही तिथे लाल होतं.

घरी आल्यावर आम्ही तोच खेळ खेळायला लागलो. आमच्या माळ्यावर रिकामी कणगी होती. आत दीना बसायची, म्हातारी मी, कारण म्हातारीला बोलायचं नसतं. बुटांसाठी माझा चुलतभाऊ प्रथमेश. तो तेव्हा लहान. त्याला त्याच्या बाबांचे चिखलातले गमबूट घालायला लावले तर रडायलाच लागला. “मी नाय बूट व्हणार. मी वाईट नाय!” शेवटी आम्ही गमबुटांत काठ्या खोचून ते आपटले.

सिनेमा अर्ध्यावर संपला होता. दुसरा भाग येणार, असं शेवटी लिहून आलं. दीना म्हणाली, दुसरा भाग एकटीने बघायचा नाही. मी मान हलवली. माझ्या बाजूने एवढी शपथ पुरते, हे तिला माहीत होतं.

दुसरा भाग यायला इतकी वर्षं लागली की मधल्या काळात दीनाची आई गेली, दीनाचं लग्न ठरलं, ती इस्रायलला गेली, तिला मुलगा झाला. तिथून ती फोनवर सांगायची, इथे सगळं मिळतं, पण कडवे वाल नाहीत. काकांना ती सारखी बोलवायची. काका टाळायचे. “तुझी आई हितं मातीत हाय. मी काय तिकडं यऊन इमारतीच्या गॅलरीत बसू?”

मग तिकडचं युद्ध सुरू झालं. दीनाच्या नवऱ्याला कामावरून बोलावून गणवेश दिला. ती मुलाला घेऊन जिन्याखालच्या खोलीत बसायची आणि मला मेसेज करायची. मी उत्तरं टाइप करून पुसायचे. फोनवर तिच्या मेसेजखाली बातम्या असायच्या. पळवून नेलेल्या माणसांचे भिंतीवर लावलेले फोटो, आणि बोटाने थोडं वर सरकवलं की गाझातली ढिगाऱ्यातून काढलेली मुलं, सगळ्यांचे चेहरे एकाच राखाडी धुळीचे. माझ्या ओळखीतले काही जण फक्त एक फोटो पुढे पाठवायचे, काही जण फक्त दुसरा. दोन्ही पाठवणारं मला कुणी भेटलं नाही. मी एकही पाठवला नाही, आणि त्यात काही मोठेपणा नाही.

आमच्या आळीत मात्र आनंद होता. प्रथमेश आता कॉलेज करून पेणला मोबाईलच्या दुकानात बसतो. त्याला आणि त्याच्या मित्रांना अचानक शोध लागला की आपल्या शेजारी एक खराखुरा ज्यू माणूस राहतो. ज्या काकांच्या आवारात त्यांनी बोरं चोरली, ते काका त्यांना प्रथमच दिसले. ही पोरं येता-जाता काकांच्या खांद्यावर थाप मारायला लागली.

“काका, तुमचे लोक म्हंजे डेंजर! येकाच्या बदल्यात शंभर. असं पायजे.”

“माझे लोक?” काका म्हणायचे. “तुझा आजा माज्या बापाच्या घाण्यावर बैल हाकायचा. माझे लोक तुमीच की रे मेल्यांनो.”

मुलं हसायची. त्यांना तो विनोद वाटायचा.

पेणच्या बाजारात मी एकदा काकांच्या सोबत होते. दाऊदभाई आता अंड्यांच्या दुकानात बसतात. युद्ध सुरू झाल्यापासून दोघे पहिल्यांदाच समोरासमोर आले होते.

“पोरगी बरी हाय का रे सॅमसन?” दाऊदभाईंनी विचारलं.

“हाय. घाबरलेली हाय.”

“घाबरनारच. समदीच पोरं घाबरल्यात तिकडं. हिकडची काय, तिकडची काय.”

“व्हय,” काका म्हणाले. मग दाऊदभाईंनी अंडी एकेक करून उजेडाकडे धरून निवडली, जशी फक्त काकांसाठी निवडायचे. काकांना रक्ताचा ठिपका असलेलं अंडं चालत नाही, म्हणून. संध्याकाळी प्रथमेशने विचारलं, “काका, तुमी अजून त्यांच्याकडून घेता?” काका म्हणाले, “अंडी कोंबडी देते रे. दाऊद नाय देत.”

गेल्या वालाच्या मोसमात दुसरा भाग आला. दीनाकडची थेटरं बंद होती. तिचा मेसेज आला, पप्पांना घेऊन जा, माझ्या जागी. आम्ही पनवेलला गेलो. प्रथमेश आणि त्याचे मित्रही आले, गाडी त्यांचीच होती.

दुसऱ्या भागात ती मुलगी मोठी झाली आहे. तिची उरलीसुरली माणसं जहाजांतून भटकत आहेत, कुठेच उतरायला जागा नाही. तिचं दुःख इतकं खरं दाखवलं आहे की आपण तिच्यासाठी काहीही कबूल करायला तयार होतो. मग त्यांना एक ग्रह सापडतो. हिरवा, गोड्या पाण्याचा. त्यावर आधीच माणसं राहत असतात, हे आपल्याला उशिरा सांगतात, आणि पटकन. ती उतरते. घरं जळतात. आणि मग पडद्यावर एकदम काळोख. मध्ये एक उभी फट.

कॅमेरा बरोबर त्याच जागी ठेवला होता. कणगीच्या आत. कुणाचा तरी बारीक श्वास ऐकू येत होता, लहान मुलीचा. फटीतून बूट आले. काळे, जड, टाचेला लोखंडी पट्टी. फक्त या वेळी ते तिचे होते.

मी आपोआप स्वतःचं मनगट धरलं. आणि थेटरात शिट्या वाजल्या. टाळ्या. माझ्या शेजारी प्रथमेश उभा राहून ओरडत होता. तेच बूट, तोच आवाज. ज्याने हे जोडून दाखवायला इतके पैसे आणि इतकी वर्षं घातली, त्याला बहुतेक वाटलं असेल की लोक गप्प होतील. लोकांनी एवढंच पाहिलं की बूट आता आपल्या हिरोइनीच्या पायात आहेत.

बाहेर आल्यावर प्रथमेश म्हणाला, “काका, तुमचीच ष्टोरी हाय ही!”

“कोनाची? कणगीतलीची का बुटातलीची?”

“हिरोइनीची ओ.”

“दोघी हिरोइनीच हायत,” काका म्हणाले. “येकीचं तिकीट आपन आधी काढलं, येवढंच.”

गाडीत मुलं पुढे गाणी लावून बसली. मागे काका आणि मी. खारपाड्याच्या पुलावर काका हळूच म्हणाले, “त्या कणगीतल्या पोरीचं म्होरं काय झालं, त्ये नाय दाखवलं गो.”

“तिसऱ्या भागात दाखवतील,” मी म्हणाले.

काकांनी खाडीकडे तोंड वळवलं. “तिसऱ्या भागात ती बूट घालंल.”

दीनाला मी कळवलं, सिनेमा चांगला आहे, फोटोग्राफी छान आहे. तिने विचारलं, तिला घर मिळालं का? मी लिहिलं, मिळालं. ते खरं होतं.

हे मी पुष्कळदा मनात घोळवते. प्रत्येकाच्या डोळ्यांपुढे एक फट धरलेली आहे, आणि ती कुठल्या बाजूने धरायची हे आपण ठरवत नाही. आत बसलेल्याला बूट दिसतात. बुटातल्याला कणगी दिसते, आतलं कुणी दिसत नाही. आणि आमच्यासारखे तिसरेच, जे ना कणगीत आहेत ना बुटांत, ते पॉपकॉर्न घेऊन बसलेले आहेत. शिट्या तेच वाजवतात.

त्याच आठवड्यात पोपटी होती. मुलांनी ठरवलं, यंदा सगळं आम्ही करतो, मोठ्यांनी फक्त यायचं. यंदाची पोपटी काकांच्या नावाने. मी रोह्याहून संध्याकाळच्या गाडीने आले तेव्हा शेतात जाळ लागला होता, स्पीकरवर त्या सिनेमाचं संगीत वाजत होतं. आणि बांधावरूनच मला वास आला. वालांचा, ओव्याचा, पाल्याचा, आणि त्यांच्या वर पसरलेला, मसाला लावलेल्या कोंबडीचा.

मी प्रथमेशला बाजूला घेतलं. “अरे, काकांना चालत नाही.”

“काय चालत नाय?”

“कोंबडी. त्यांची रीत असते.”

“हॅट्! तिकडं सैनिक चिकन खातात, मी रील बघितलीय. काकांसाठीच तं घातलीय. दर वर्सी आपली उपासाची पोपटी, यंदा म्हटलं त्यांचा मान ठेवावा.” मग माझा चेहरा बघून तो जरा नरमला. “अगं, मंग आधी सांगायचं ना. येवढ्या वर्सांत कोन बोललं का कधी?”

कुणीच बोललं नव्हतं. हेच तर होतं. आमच्या गावातल्या चांगल्या गोष्टी न बोलता झाल्या, म्हणून त्या पुढे गेल्याच नाहीत. प्रथमेशला जन्मापासून त्या मडक्यातलं खाऊनही कळलं नव्हतं की त्यात काय नाही आणि का नाही. आणि वाईट गोष्टींना मात्र स्पीकर आहे.

काका आले. नेहमीप्रमाणे लोटा हातात घेतला, पाणी शिंपडलं. चर्र झालं. या वेळी त्यांनी कान तिरका केला नाही. वास त्यांनाही आला होता. मुलांनी मडकं ओल्या गोणपाटात धरून काढलं, केळीच्या पानांवर रिकामं केलं आणि पहिली तंगडी पानाच्या तुकड्यावर ठेवून काकांच्या पुढे धरली. चार-पाच मोबाईल वर झाले.

“काका, पेशल तुमच्यासाठी! घ्या!”

“पोट भरलंय रे पोरांनो.”

“आसं कसं? तुमच्या लोकांच्या नावानं येक घास तरी!”

काकांनी मोबाईलकडे पाहिलं, तंगडीकडे पाहिलं. मग त्यांनी पानावरून वालाची एक शेंग उचलली. ती तेलकट चकाकत होती. त्यांनी ती सोलली, दाणे तळहातावर घेतले आणि तसेच मूठ मिटून उभे राहिले. आई भाकऱ्यांची टोपली घेऊन बांधावरून येत होती. तिने लांबूनच पाहिलं आणि पदर तोंडाला लावला. मुलं फोटो बघण्यात गुंतली तेव्हा काकांनी मूठ खिशात रिकामी केली. आईने त्यांना कोरडी भाकरी आणि मीठ दिलं. त्यांनी ती तिथेच उभ्याने खाल्ली आणि म्हणाले, “झ्याक झालीय पोपटी.”

पाऊस लागायच्या आत काकांनी जायचं ठरवलं. आई रडकुंडीला आली. “भावजी, लोक तिथून पळतायत नि तुमी तिकडं जाता? बाँब पडतायत.”

“वहिनी,” काका म्हणाले, “मी कोन हाय त्ये मला आजवर हितं कोनी सांगितलं नव्हतं. आता पोरं रोज सांगतात. तिकडं समदेच तसले. तिकडं मला कोन वळखनार नाय, बरं पडंल.”

जायच्या आदल्या दिवशी दाऊदभाई पेणहून आले. दोघे ओटीवर बसले होते. काय बोलले ते मी ऐकलं नाही. शनिवार होता. दाऊदभाईंनी उठून काकांच्या घराचा दिवा लावला, कारण काकांना त्या दिवशी लावायचा नसतो, आणि गेले.

या मोसमात पुन्हा वाल भरले. काल संध्याकाळी पोपटी होती. मडकं मोठं आणलं होतं. कोंबडी घालायची का, असं कुणी विचारलं नाही, कारण आता तसं विचारायचं काही कारण उरलं नाही. पाणी प्रथमेशने शिंपडलं. चर्र झालं तेव्हा सगळे ओरडले. माझ्या पुढ्यात पान आलं आणि तेवढ्यात फोन वाजला. दीनाचा नंबर, पण आवाज काकांचा. मागे लहान मूल रडत होतं आणि कुणीतरी त्याला दटावत होतं, मराठीत.

“पोपटी लावली काय गो?”

“लावली, काका.”

“लाजली का?”

“थोडी.”

ते हसले. मग विचारलं, “काय काय घातलं?”

माझ्या पानावर तंगडीचं हाड होतं. शेजारी प्रथमेश बोटं चाटत खुणेने विचारत होता, कोण आहे?

“वाल,” मी म्हणाले. “अंडी. बटाटे. ओवा.”

“आनि?”

“आणि काही नाही, काका. नेहमीसारखीच.”

पलीकडे मूल गप्प झालं होतं. काकांचा श्वास मला ऐकू येत होता, अगदी जवळून.

“मंग खा गो बाय,” ते म्हणाले. “गार झाली की चरबी धरते.”